शेपूट नसलेला हुकूम

टिकटिक थांबली तेव्हा मी पान चघळत होतो.
तेवढं नीट आठवतं.
चुना जरा जास्त झाला होता.

इरावतीच्या काठी, चिंचेखाली,
बांबूच्या खोपटात एक यंत्र आणि एक मी,
आणि आमच्या अक्षरांसाठी घडवलेली
ठिपक्यांची, रेघांची लिपी
जी साहेबाला वाचता येत नव्हती.
केवढा ताठा होता मला त्याचा!
पाणी काय, हुकूम काय,
वरून, मंडालेहूनच यायचे.
खालून यायची फक्त मासळी.

त्या सकाळी खालून धूर आला.

मी यंत्रावर वाकलो आणि एकेक अक्षर उतरवत गेलो:
नदीकडे तोंड केलेल्या… सर्व तोफा… 'म'… डाग…
आणि तार मेली.

तुम्हाला कसं सांगू.
आमच्या बोलीत नकार आधीच येऊन बसतो,
एवढासा 'म', क्रियापदाच्या उंबऱ्यावर.
पण त्याच्या मनात काय आहे ते
शेपूट आल्याशिवाय कळत नाही.
एक शेपूट लावा: डागू नका.
दुसरं लावा: डागल्याच नाहीत.
तिसरं: डागण्यापूर्वी.
चौथं: न डागाल तर…
आणि त्याच्यापुढे सहसा कुणाचीतरी मान असते.

बो कान सॉ गुडघ्याला तेल चोळत बाजेवर बसले होते.
सतरा तोफा त्यांच्या हाताखाली,
त्यातल्या पाच चालणाऱ्या.
"राजा काय म्हणतो?"
"राजा अजून म्हणतो आहे."
"म्हणजे?"
"वाक्य संपलेलं नाही, बो."
त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली.
"मधेच कसं बोलायचं मग," म्हणाले. "थांबू."

आम्ही थांबलो.
आगबोटी आल्या, एकीमागे एक,
दोन्ही बाजूंना तराफे बांधलेल्या,
इतक्या जवळून
की एक आचारी कठड्यावरून भाताची पेज ओतताना दिसला
आणि पेजेवर झेपावणारे मासेही.
तोफेपाशी फो द्वे पेटती वात धरून उभा.
वात बोटांपर्यंत आली
तरी त्याने बोटं हलवली नाहीत,
मग हलवली.

पलीकडच्या काठावर तार नव्हती.
तिथे त्यांनी डागल्या.
ऊन उतरायच्या आत तो काठ गप्प झाला.
माझ्या बहिणीचा नवरा त्या काठाला होता.
बहिणीने मला नंतर एवढंच विचारलं,
"तुला ऐकू आलं का रे?"
आलं होतं. सगळंच आलं होतं.

साहेबाने मला ठेवून घेतलं.
महिना अठरा रुपये आणि त्याची अक्षरं.
पहिलं काम: तार कुठे तुटली ते शोध.
दोन कोसांवर ताडांची वाडी,
तिथे उ पान ञो नावाचा म्हातारा,
आणि त्याच्या बैलगाडीच्या आसाला
घट्ट पिळून बांधलेली सरकारी तार, बारा हात.
"वाऱ्यात नुसतीच गुणगुणत होती," म्हणाला,
"वाटलं, कुणाची नसेल."
मी अहवालात लिहिलं: वानरे.

एवढ्यावर संपायला हवं होतं.
म्हाताऱ्याला मनातल्या मनात शिव्या देत
मी वीस वर्षं बरी काढली.

मग रंगूनच्या धक्क्यावर, चहाच्या दुकानात,
बोटांनी टेबल वाजवत बसलेला एक माणूस दिसला.
ती आमची अक्षरं होती, जुनी.
मी बशीवर चमचा वाजवून उत्तर दिलं.
तो मंडालेच्या यंत्रावरचा. थॅ लुइन त्याचं नाव.
त्या सकाळी हात त्याचा होता.

विचारलं. विचारायला नको होतं.
पुढे काय होतं?

त्याने कपातली माशी काढली.
"मंत्री सांगत होते, मी पाठवत होतो.
'म' झालं, 'डाग' झालं,
आणि ते खिडकीकडे बघायला लागले.
अंगणात कुणीतरी हत्तीला अंघोळ घालत होतं.
मी बोट वर धरून बसलो."

"किती वेळ?"

"दिवा लावायला पोऱ्या आला
तोवर तरी."

चहाचे पैसे त्याने दिले.
मी नको म्हणालो नाही.